कार्ब्युरेटरचे इंजिन आणि इंधनाचा दाब



चंडीगड म्हटले की ल कॉर्बुझिए यांनी आखलेले रेखीव रस्ते आठवतात. मोटार रॅलीच्या जगात मात्र या शहराची ओळख हरी सिंग यांच्या नावाशी जोडलेली आहे. मारुती जिप्सी चालवून त्यांनी अनेकदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 1985 साली आलेली जिप्सी आरंभी कार्ब्युरेटरवर चालत असे. अशा गाड्या हौसेने जपणारे काही तरुण ताकद वाढवण्यासाठी प्रथम इंधनाचा दाब वाढवतात. चूक नेमकी तेथेच होते.

घराच्या गच्चीवरील टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी चढले की तो नळ बंद करतो. कार्ब्युरेटरच्या वाडग्यातही असाच तरंगता फ्लोट असून, तो सुईसारख्या झडपेने पेट्रोलची वाट अडवतो. पंपाच्या दाबाचे काम वाडगा भरलेला ठेवणे, एवढेच! इंजिनात किती पेट्रोल जावे, हे पुढची जेट ठरवते. दाब अति झाला तर सुई हार मानते, पेट्रोल ओसंडते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन निघते आणि आगीचे भय उभे राहते. उलट दाब अपुरा असेल, तर भरधाव वेगात वाडगा रिता होतो. विरळ मिश्रणाने पिस्टन अतोनात तापतो.

वेबर जातीच्या कार्ब्युरेटरला दर चौरस इंचास साधारण तीन पौंड दाब पुरतो, तर अमेरिकन होलीला साडेपाच ते सात. इंजेक्शनच्या गाडीतील पंप चाळीस पौंडांच्या आसपास दाब देतो. तो येथे तसाच जोडणे धोक्याचे. दाबमापक रेग्युलेटर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये बसवावा, आणि केवळ उभ्या गाडीत नव्हे, तर इंजिनावर पूर्ण भार असतानाही दाब टिकतो का, हे पाहावे. भाराखाली काटा घसरला, तर रेग्युलेटर पिळण्याआधी तुंबलेला फिल्टर, अरुंद नळी आणि पंप तपासावा.

खरी कसोटी सिमल्याच्या वाटेवर लागते. सुमारे 320 मीटरवरील चंडीगडहून 2200 मीटरवर पोहोचेपर्यंत हवेचा दाब जवळजवळ पंचमांशाने घटतो. पेट्रोल त्या मानाने अधिक होते, धूर काळा येऊ लागतो. अशा वेळी इंधनाचा दाब कमी करण्याचा मोह होतो. पण पंप निर्दोष असतो. तेथे लहान छिद्राची जेट हवी, आणि परत उतरल्यावर मूळची जेट आठवणीने बसवायला हवी.