आपल्या डोक्यावरचं छत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



आज सगळ्यांनी छान आठवणी सांगितल्या. मला समितीने दहा मिनिटं दिली आहेत. ती मी आपल्या छतावर बोलण्यात घालवणार आहे. हसू नका. या छताच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक होता होता राहिली, ती आज कबूल करायची आहे.

१९८६ साली संस्था नोंदवली तेव्हा आपण चोवीस जण होतो. बहुतेक सगळे बँक आणि विम्यातले, पगार ठरलेला, कर्जाची मर्यादाही ठरलेली. नेहमीच्या स्लॅबचा अंदाज आला तेव्हा लक्षात आलं, नुसत्या सेंट्रिंगलाच किती पैसा जातो! फळ्या, बल्ल्या भाड्याने आणायच्या, खोलीभर टेकू लावायचे, स्लॅब पक्का होईपर्यंत ते काढायचे नाहीत. तेव्हा आपल्या तरुण इंजिनिअरने रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेची पद्धत सुचवली. छत जागेवर ओतायचं नाही. त्याचे भाग आधी जमिनीवर तयार करायचे आणि मग वर चढवायचे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आज जिथे बाग आहे तिथे साचे मांडले होते. तुळई पंधरा सेंटिमीटर रुंद, पंधरा उंच. फळी तीस सेंटिमीटर रुंद, लांबी दीड मीटरच्या आत, मधे सहा सेंटिमीटर जाड आणि कडेला तीन. एक फळी दोन गडी उचलायचे, तुळईला मात्र सहा-आठ जण लागायचे. गोणपाट टाकून रोज पाणी मारायचं. आपल्या घरातल्या बायकांनीही संध्याकाळी पाइप धरलेत. सोलापूरचं ऊन, पाणी चुकलं की काँक्रीट कच्चं राहणार.

मला हे सगळं पटलेलं नव्हतं. माझं बालपण धाब्याच्या घरात गेलं. छत म्हणजे एकसंध, जाड, जड काहीतरी, अशी माझी समजूत. "तुकडे मांडून छत होतं का हो?" असं मी सभेत विचारलं होतं, इतिवृत्तात ते आहे.

फळ्या बसल्या. वरून बघितलं तर छत झाल्यासारखंच दिसत होतं. त्यानंतर इंजिनिअरचं पुढचं बिल आलं. तुळयांवरून आडव्या जाणाऱ्या सळया, फळ्यांमधल्या खाचा भरायचं काँक्रीट आणि भिंतींच्या माथ्यावरच्या पट्ट्याशी छत बांधून घ्यायचं लोखंड. कर्जाचा हप्ता संपत आलेला. मी सळया आणि लोखंडाच्या रकमेवर लाल शाईने रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'अनावश्यक'. खाचा साध्या मालाने भरून घ्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्या शाखेत आला. काउंटरवर गर्दी होती, तरी तासभर बसून राहिला. मग म्हणाला, "साहेब, बाकी कुठलंही बिल कापा, माझी फी कापा, पण हे नका कापू. आत्ता वर आहेत त्या नुसत्या ठेवलेल्या फळ्या आहेत. छत अजून व्हायचंय." तुळईतून वर आलेल्या कड्या, त्यावरच्या सळया आणि ओतलेलं काँक्रीट मिळून फळ्या आणि तुळया एकत्र काम करतात, हे त्याने माझ्याच पॅडवर चित्र काढून दाखवलं. मी कुरकुरत सही केली. पटलं म्हणून नाही, त्याच्या तोंडाकडे बघून केली.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास आपण सगळे रस्त्यावर होतो. गणपती विसर्जन करून नुकतेच झोपलो होतो. किल्लारीत हजारो माणसं गेली, दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माती अंगावर येऊन. आपल्याकडे धक्का त्या मानाने हलका होता, म्हणून आपल्या छताची खरी परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही. प्लास्टरला सरळ रेषेत केसासारख्या चिरा पडल्या, एवढंच.

माझे डोळे उघडले ते २००१ मध्ये, भुजनंतर. कच्छमधल्या प्रीकास्ट भागांच्या काही शाळांची छतं पडली. सुट्या भागांची एकमेकांशी आणि भिंतींशी बांधणी पुरेशी नव्हती. भाग चांगले असून भागत नाही. ते वाचलं आणि मला माझी लाल रेघ आठवली. त्या रात्री मी बराच वेळ आढ्याकडे बघत पडलो होतो. शेजारच्या खोलीत नातू झोपला होता.

आता हे आजच का सांगतोय? गेल्या वर्षी आपल्यातल्या एका घरात पाइप न्यायला छत फोडलं, छिन्नी थेट तुळईच्या सळईपर्यंत गेली. त्या सभासदांचा दोष नाही, त्यांनी घर नंतर घेतलं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. दोष आम्हा जुन्या लोकांचा. म्हणून सांगतो. तुळईला कधीही हात लावू नका. भोक पाडायचंच असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. गच्चीवर टाकी ठेवायची तर तीही त्याला विचारूनच, फळीच्या मधोमध नको. जोडांवरच्या चिरा दर मे महिन्यात भरून घ्या, पाणी आत गेलं की सळई गंजते. आणि कोणाला वर मजला चढवायचा विचार असेल, तर मूळ नकाशे आधी बघा. ते मी इतकी वर्षं माझ्या कपाटात ठेवले होते, आज सचिवांच्या ताब्यात देतोय. त्याची पोच मात्र मला हवी, बँकेची सवय आहे.

ते जुनं बिलही त्याच फाइलमध्ये आहे. लाल रेघ अजून दिसते. ती तशीच राहू द्या. पुढच्या खजिनदारांनी काटकसर जरूर करावी, पण रेघ मारण्याआधी ती रक्कम कशाची आहे एवढं विचारावं.