‘गोरेगाव’ची लांबी किती?

गोरेगाव पूर्वेला नेस्को आणि निर्लॉनच्या इमारतींत रोज हजारो माणसं संगणकावर काम करतात. त्यांच्यातल्या मुरलेल्या प्रोग्रामरला नवी भाषा शिकायची झाली, तर तिचं व्याकरण लवकर जमतं. तो अडतो ते ओळखीच्या जागी, कारण तिथे तो प्रश्नच विचारत नाही. उणे ७ला २ने पूर्णांकी भागा: जावा उणे ३ म्हणते, पायथन उणे ४!

मला मात्र जास्त महत्त्वाची वाटते ती अक्षरांची मोजणी. ‘गोरेगाव’ या शब्दाची लांबी पायथनला विचारा, उत्तर ७. गो नावाच्या भाषेत २१. स्विफ्टमध्ये ४. आणि तिन्ही बरोबर! चार व्यंजनं आणि तीन स्वरचिन्हं मिळून युनिकोड या अक्षरांच्या संकेतावलीतले सात संकेत होतात. हे संकेत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइटचा, म्हणून २१. स्विफ्ट मात्र शाळेतल्या बाईंसारखी ‘गो’ हे एकच अक्षर धरते.

गो भाषा बाइट मोजते, यालाही इतिहास आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ रचली. २००९मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेच्या तीन कर्त्यांपैकी दोघं हेच.

इंग्रजी ‘हॅलो’ कुठेही मोजा, पाचच भरतो. पुस्तकांतली उदाहरणं बहुतेक तशीच, म्हणून वर्षानुवर्षं काम करूनही हा फरक नजरेला पडत नाही. पण गावाच्या नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घातली, तर आपलं ‘गोरेगाव’ त्यात मावत नाही. पायथनमध्ये नेहमीच्या रीतीने तो शब्द उलटा केला, तर ‘वागेरोग’ येतं. ‘गा’चा काना ‘व’ला जाऊन चिकटतो.

‘कऱ्हाड’ची गोष्ट याहून अवघड. त्यातला ‘ऱ’ एका संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. स्विफ्ट त्यांना समान मानते. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट मानत नाहीत. मग यादीत पत्ता असूनही शोधणाऱ्याला तो सापडत नाही. या तिन्ही भाषांत मजकूर एकाच रूपात आणण्याची, म्हणजे नॉर्मलायझेशनची, सोय आहे. मराठी नावं साठवण्याआधी आणि शोधण्याआधी ती चालवायलाच हवी.