धावण्याची हौस आणि गावची शर्यत



वसंत व्याख्यानमाला म्हटली की तत्त्वज्ञान, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या पंक्तीला आज धावणे हा विषय येऊन बसला आहे. आणि तेही विक्रमवीरांचे धावणे नव्हे, तुमचे-आमचे हौसेचे धावणे. चालकांनी विषय कळविला तेव्हा आमच्यातल्या एकाने विचारलेच, की यावर तासभर बोलायचे काय? पायांत जोडे घालावेत आणि पळत सुटावे, यापलीकडे सांगण्यासारखे आहे तरी काय? परंतु साताऱ्याच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला उभे राहावे, म्हणजे हा विषय किती घरांत शिरला आहे याची कल्पना येते. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. रोज पहाटे एकत्र धावणारी आम्ही काही मंडळी आहोत. त्यांत शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, घर सांभाळून धावणाऱ्या भगिनी आहेत, निवृत्त झालेले गृहस्थही आहेत. या सर्वांचा अनुभव एका तोंडाने सांगायचा, म्हणून हे अनेकवचन.

पूर्वी माणूस धावत असे तो पोटासाठी. मराठेशाहीत जासूद पत्रे घेऊन मजला मारीत. पुढे इंग्रजी अमलात डाकेचे हरकारे जंगलातून आणि घाटांतून धावले. त्या काळी कोणी उगीचच धावताना दिसता, तर लोकांनी त्याच्याकडे न पाहता त्याच्या मागे काय लागले आहे ते पाहिले असते. आज आपण धावतो तेही एका अर्थी पोटासाठीच. फरक इतकाच, की त्यांना ते भरायचे होते आणि आपल्याला ते उतरवायचे आहे!

पण हा फरक सर्वांना लागू नाही. आमच्याच रस्त्यावर, आमच्या आधी अर्धा तास, खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली धावत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि तेथे थोड्या सेकंदांनी गुण कमी-जास्त होतात. त्यांचे धावणे जुन्या अर्थानेच पोटासाठी आहे. एकाच रस्त्यावर हौस आणि गरज अशा शेजारी-शेजारी धावतात. हे चित्र ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता शर्यतीकडे वळू. मॅरेथॉन हा शब्द आज लहान मुलाच्याही तोंडी आहे. ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर, हे अंतर ऐकले की त्यामागे काही गूढ शास्त्र असावे असे वाटते. तसे काही नाही. १८९६ साली अथेन्सला अर्वाचीन ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हा ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती आणि ती स्पिरिडॉन लुई नावाच्या, पाणी वाहून पोट भरणाऱ्या एका ग्रीक तरुणाने जिंकली. १९०८ साली लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजासनापुढे संपणारा मार्ग आखला गेला, त्याची लांबी ही एवढी भरली. आणि १९२१ साली तीच सर्वांसाठी कायम झाली. राजघराण्याच्या सोयीने ठरलेले अंतर पुरे झाले नाही म्हणून आज एखादा कारकून खंतावून बसतो, तेव्हा त्याला हा इतिहास अवश्य सांगावा.

आपल्याकडची कथा याहून हृद्य आहे. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत शेतकरी कुटुंबांतली मुले अनवाणी धावली. त्यांचे धावणे पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार आला. १९२० साली अँटवर्पला तो संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांना वेळ लागला २ तास ५० मिनिटे आणि काही सेकंद. आणि त्या वर्षीचे अंतर आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होते. आज भारी जोडे आणि मनगटावर घड्याळ बांधून निघणाऱ्या आपल्यासारख्या हौशी माणसांपैकी किती जण तेथवर पोचतील? सांगण्याचे तात्पर्य असे, की या देशातले लांब पल्ल्याचे धावणे मातीतून वर आले आहे. ते पैसेवाल्यांच्या करमणुकीतून निघालेले नाही.

धावण्याची हौस लागलेल्या माणसाची पहिली काही महिन्यांची स्थिती नव्या जावयासारखी असते. सगळे गोडच गोड. पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या टोकापर्यंत जाताना धाप लागते. महिन्याभरात तोच माणूस गप्पा मारीत तीन किलोमीटर जातो. झोप सुधारते, कंबरेचा पट्टा एक भोक आत सरकतो, आणि घरात इतर कोणी ऐको न ऐको, तो सर्वांना धावण्याची महती सांगू लागतो. येथेच पहिला खड्डा असतो. हृदय आणि फुप्फुसे आठवड्यांत तयार होतात. हाडांना आणि स्नायूबंधांना मात्र महिने लागतात. दम म्हणतो 'चल', आणि नडगी म्हणते 'थांब'. दमाचे ऐकणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नडगी, गुडघा किंवा टाच धरून बसतो. मग शेजारी म्हणतात, 'बघा, आम्ही सांगत नव्हतो?' पुष्कळांची हौस येथेच संपते. यावर उपाय जुनाच आहे. बरोबरीच्या माणसाशी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच वेगाने बहुतेक दिवस धावावे, अंतर हळूहळू वाढवावे, आणि विश्रांतीचा दिवस हा चुकलेला दिवस न समजता तो सरावाचाच भाग मानावा. ज्यांना छातीत दुखते, चक्कर येते किंवा ज्यांच्या घराण्यात हृदयविकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. त्यात भित्रेपणा नाही.

आपण सातारकर डोंगराच्या कुशीत राहतो, म्हणून चढउतार या शब्दाचा खरा अर्थ आपल्याला पायांनी कळतो. २०१२ पासून आपल्या गावी जी डोंगरी अर्धमॅरेथॉन होते, तिचा निम्मा मार्ग यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्याने जातो आणि निम्मा त्याच वाटेने खाली येतो. नवख्याला वाटते, चढण संपली की कष्ट संपले. प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. चढणीवर दम लागतो. पण उतरणीवर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, आणि त्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. चढण जागच्या जागी आपला हिशोब मागते. उतरण मात्र उधारी ठेवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावर वसूल करते! यातही एक दिलासा आहे. आधी थोडी-थोडी उतरण अंगवळणी पाडली, तर स्नायू ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या खेपेस इजा कमी होते. उतरण्याचीही तालीम करावी लागते. हे वाक्य आपण पुढे आणखी एका अर्थाने वापरणार आहोत.

शर्यत हा धावणाऱ्याचा सण होय. छातीवर क्रमांक लावून, हजारो लोकांच्या बरोबर पहाटेच्या गारव्यात उभे राहण्याचा आनंद आम्ही नाकारीत नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली. मुंबईत पूर्ण अंतर धावणाऱ्याला परतीच्या वाटेवर, अगदी अंगातले त्राण संपत आले असताना, पेडर रोडचा चढ लागतो. साधारण तीस किलोमीटरनंतर स्नायूंत साठविलेली साखर संपत येते. पाय लाकडाचे होतात आणि मन रडकुंडीला येते. तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली अनोळखी माणसे संत्र्याची फोड पुढे करतात, नाव विचारल्यावाचून 'या, या, आता थोडेच राहिले' म्हणतात. ते थोडे राहिलेले नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी त्या खोट्याने पाऊल पुढे पडते. माणसामाणसांतला हा जिव्हाळा एरवी शहरात विकत मिळत नाही.

पण सण रोज साजरा करू लागले की घराचे दिवाळे निघते. आज पुष्कळ हौशी मंडळी पदकांसाठी दर महिन्याला एक शर्यत गाठतात. मनगटावरचे घड्याळ त्यांचा गुरू होऊन बसले आहे. झाडाला मोहोर आला की नाही, अजिंक्यताऱ्यावर धुके उतरले की नाही, हे त्यांना दिसत नाही. मागच्या खेपेपेक्षा किती सेकंद कमी झाले, एवढेच दिसते. प्रारंभी हे सेकंद झरझर कमी होतात, म्हणून गोडी वाढते. मग ते कमी होण्याचे थांबतात. आणि मग, मंडळी, ते वाढू लागतात. ही गोष्ट कोणाला टळलेली नाही. कितीही काळजी घेतली तरी वयाबरोबर शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती उतरते. ज्याने आपला सारा आनंद घड्याळात ठेवला, त्याचा आनंद त्या दिवसापासून घटत जाणार. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे, की अशी माणसे एके दिवशी जोडे माळ्यावर टाकतात ते कायमचेच. धावण्याची खरी गरज ज्या वयात सुरू होते, त्याच वयात ती थांबतात.

म्हणून मघाचे वाक्य पुन्हा सांगतो: उतरण्याचीही तालीम करावी लागते. आमच्यात सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ आहेत. पूर्वी ज्या वेळात ते घाट चढून येत, त्या वेळात आता घाटाच्या अर्ध्यावर पोचतात. ते वेळ पाहत नाहीत. आज किती दिवस लागोपाठ आलो, हे पाहतात. शर्यतीला ते वर्षातून एकदाच जातात, वारीला जावे तसे. पण पहाटेचा नेम मोडत नाहीत. सण त्यांनी सणाच्या जागी ठेवला आहे आणि रोजची भाकरी भाकरीच्या जागी. आम्हांला तरी हौसेने धावण्याची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

आता गावाविषयी. शर्यत धावणाऱ्यांची असते तशी ती गावाचीही असते. रस्ते गावाचे, घाट गावाचा, थांबविलेली रहदारी गावाची. तेव्हा ती कशी असावी हे सांगण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे. आमच्या मते तिची परीक्षा पहिल्या धावपटूवर करू नये. पहिल्याला पाणी, टाळ्या आणि छायाचित्रकार सर्वत्र मिळतात. परीक्षा करावी ती शेवटच्या धावपटूवर. तो येईपर्यंत पाण्याचे टेबल जागेवर आहे काय? रुग्णवाहिका थांबली आहे काय? उन्हे वर आल्यावर खरा धोका त्यालाच असतो, कारण तो सर्वांत अधिक वेळ रस्त्यावर असतो. कित्येक ठिकाणी तो पोचतो तेव्हा कमान उतरविलेली असते आणि मागे राहिलेले असतात प्लॅस्टिकचे पेले. तेही उचलायला कोणी नसते.

दुसरी गोष्ट भगिनींची. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली, म्हणजे पुरुषांच्या मागून ८८ वर्षांनी. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ पासून सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळविला, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत जाऊन त्या दहाव्या आल्या. दुष्काळी तालुक्यातली मुलगी तेथवर जाते. मग गावातल्या गृहिणीला पहाटे धावायला अडचण कसली? अडचण पायांची नाही. बंद पडलेले दिवे, मोकाट कुत्री, टवाळ पोरे, आणि घरी वाट पाहणारा डबा, या त्या अडचणी आहेत. पैकी पहिल्या तीन नगरपालिकेने आणि पोलिसांनी सोडवाव्यात. चौथी घरातल्या पुरुषांनी. डबा भरायला काही सराव लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेल्या मुलामुलींची. शर्यतींची प्रवेशमूल्ये आता अशी झाली आहेत, की हौशी माणूस ती सहज देतो आणि ज्याचा वेग पाहून आपण थक्क व्हावे तो मुलगा दोरीबाहेर उभा राहून पाहतो. ज्या मातीतून फडेप्पा चौगुले आले, तीच माती दोरीबाहेर राहिली तर ती शर्यत गावची कसली? पदक थोडे हलके करावे, सदरा साधा द्यावा, आणि त्या पैशांतून अशा मुलांना विनामूल्य प्रवेश द्यावा. आम्ही मंडळींनी यंदा आमच्यापुरते असे ठरविले आहे, की प्रत्येकाने स्वतःच्या प्रवेशाबरोबर आणखी एकाचा प्रवेश भरायचा. आपणांपैकी जे धावत नाहीत त्यांनाही यात भाग घेता येईल. आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी शर्यतीच्या दिवशी शेवटचा माणूस येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहावे. तेही थोडे काम नाही.

बोलण्याच्या भरात आम्ही वेळेची मर्यादा ओलांडली असेल. धावताना ती आम्हांला कधी ओलांडता येत नाही, तेवढी येथे सवलत द्यावी. उद्या पहाटे साडेपाचला पोलीस परेड मैदानाच्या बाजूला आम्ही असू. ज्यांना यायचे असेल त्यांनी जुने जोडे घालून यावे.