पावती कोण फाडणार?



मघाशी खांद्यावर शाल पडली तेव्हा माझं लक्ष मागच्या फलकावर होतं. वर प्रायोजकाचं नाव, मधे पाहुण्यांचे फोटो, आणि तळाला मुंगीच्या अक्षरात आजचा विषय : स्वतंत्र पत्रकारिता. याच फलकाखाली उभं राहून मला ज्या माणसाबद्दल बोलायचंय, त्या पी. साईनाथांनी २०२१ साली आंध्र प्रदेश सरकारचा जीवनगौरव पुरस्कार नाकारला. ज्या सरकारांच्या कारभारावर लिहायचं त्यांच्याच हातून पत्रकारानं बक्षीस घेऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. ही शाल कोणाच्या खर्चानं आली, ते मी चहाच्या वेळी विचारणार आहे.

साईनाथ राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरींचे नातू. मुंबईत करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात वरच्या जागेवर होते. आयुष्यभर तिथंच बसले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. १९९३ साली ते उठले आणि पाच राज्यांतल्या दहा सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरायला लागले. त्यातून झालेलं पुस्तक मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावानं आलं. पुढं दहा वर्षं ते 'द हिंदू'चे ग्रामीण घडामोडींचे संपादक होते. २०१४मध्ये ते सोडलं आणि त्याच डिसेंबरात 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, इंटरनेटवर सुरू केलं.

त्यांचं कौतुक करायला मी आलेलो नाही. ते करायला वक्ते पुष्कळ आहेत. मला भांडायचंय ते तुमच्याशी.

२००६ आठवा. पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आपला बुलढाणा होता. त्याच साली मुंबईतल्या लॅक्मे फॅशन वीकला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते, आणि तिथं मिरवत होते कापसाचे कपडे. कापूस पिकवणारे मरत होते तिकडं बातमीदार बोटांवर मोजण्याइतके. हा हिशेब साईनाथांनी मांडला आणि जगभर गेला. ज्या खामगावात कापसासाठी इंग्रजांनी जलंबपासून आगगाडीचा फाटा आणला, त्या खामगावच्या कोणाला तो का मांडता आला नाही?

आला असता. पण मांडणारा माझ्यासारखा होता. मी तेव्हा मेहकरकडं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. बातमीला पैसे नव्हते, जाहिरातीवर कमिशन होतं. एका मयताच्या घरी गेलो. बाई भिंतीला टेकून बसलेली, पुढ्यात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, बँकेची नोटीस, मरणाचा दाखला. सरकारची एक लाखाची मदत. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण आधी 'पात्र' ठरायला हवं, आणि जमीन सासऱ्याच्या नावावर. तिनं विचारलं, "भाऊ, पेपरात आलं तं पात्र होईन का?" मी म्हणालो, होईल. बातमी पाठवली. त्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी होती. तिच्या जाहिराती मीच गोळा केल्या होत्या. बातमी राहिली. परत त्या घरी जायचं धाडस झालं नाही.

म्हणून कोणी म्हणतं की 'पारी' म्हणजे गरिबीचं संग्रहालय, तेव्हा मला राग येतो. तिथं बाईचं नाव असतं, तिची मजुरी रुपयांत असते, तिच्या तोंडची भाषा असते, आणि तीच गोष्ट अनेक भाषांत जाते, मराठीतही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांचा ठेवा याच ठिकाणी लोकांसमोर येतो. आपल्या किती दैनिकांनी जात्यावर दळणारीला कवयित्री म्हटलं?

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. भेंडवळच्या घटमांडणीची भाकणूक अक्षय तृतीयेनंतर ठळक मथळ्यात येते. पाऊस कसा, राजा कायम की नाही, सगळं. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड भागात लोकांचे केस मुठीमुठीनं गळायला लागले, तेव्हा कॅमेऱ्यांच्या गाड्यांनी रस्ते भरले. 'टक्कल व्हायरस' असं झकास नाव मिळालं. दिल्लीहून पथकं आली. कोणी पाण्याकडं बोट दाखवलं, डॉ. बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं. तोवर गाड्या परतल्या होत्या. त्याच पट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडं, खारं पाणी पिऊन मूत्रपिंडं खराब झालेली माणसं वर्षानुवर्षं आहेत. ती मथळ्यात बसत नाहीत, कारण ती हळूहळू मरतात.

यावर आमची तरुण मंडळी म्हणतात, सर, आम्ही पोर्टल काढलंय. काढा. पण पत्रकार परिषदेत टेबलावर पंधरा बूम आणि सोळावं पाकीट, हे मी पाहिलंय. मालक बदलला की माध्यम स्वतंत्र होत नाही, ते कोणाच्या पैशावर चालतं ते बघावं लागतं. हे मी नव्यानं सांगत नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढलं तेव्हा अडचण पैशाची होती. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी ते फार वर्षं चाललं नाही. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्यानं भरावे लागले. जयंतीला या पत्रांची नावं घेऊन आपला गळा भरून येतो. त्यांच्या वर्गणीदारांची यादी कोणी वाचतं का? ती लहान होती.

आपण मोबाइलचं रिचार्ज न चुकता मारतो, आणि बातमी मात्र फुकट हवी. फुकट बातमीचे पैसे वाढदिवसाच्या पुरवणीतून वसूल होतात, हे मी स्वतः वसूल करून सांगतोय.

एक मुलगी संग्रामपूर तालुक्यात वर्षभर फिरायला तयार आहे. गावागणिक पाण्याचे अहवाल, डायलिसिसला जाणाऱ्यांचा एसटीचा खर्च, बुडालेली मजुरी, सगळं लिहून काढणार. तिला पेट्रोल लागेल, मोबाइल लागेल, आणि महिन्याचा पगार लागेल. मानधन म्हणू नका, पगार म्हणा. दाराशी टेबलावर पावतीपुस्तक ठेवायला सांगितलंय. पुढारी, कंत्राटदार आणि आजचे प्रायोजक यांच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, अशी तिला ताकीद आहे. पहिली पावती मी फाडलीय. चहा त्या टेबलाच्या पलीकडं आहे.