न दिसणारी गळती



भाटघरच्या परिसरात पाण्याच्या गळतीचा विषय नवा नाही. वेळवंडी नदीवरील येथील धरण भरले, की ४५ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि नीरेच्या काठाला त्याची वर्दी मिळते. दगडी धरणातून थोडाफार पाझर होतच असतो. अभियंते तो मोजतात, आणि पाझर अकारण वाढला तर तातडीने कारण शोधतात. माहितीच्या साठ्याचे दुर्दैव असे, की तेथून कितीही वाहून गेले तरी पातळी तसूभरही उतरत नाही. नक्कल जाते, मूळ जागच्या जागी राहते.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. दरोडा मोठा, पण पैसा गेला म्हणून तो उघड झाला. तपास झाला, २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषीही ठरविले. चोर सांगून येत नाही हे खरेच. माहितीच्या बाबतीत मात्र तो येऊन गेल्याचेही कळत नाही.

संकेतस्थळावरील पाने मागेल त्याला काढून देणाऱ्या प्रणालीस वेब सर्व्हर म्हणतात. हा एक प्रकारचा कोठारीच. ठरवून दिलेल्या कप्प्यातील वस्तू तेवढी द्यावी, मागच्या खोलीत कोणास जाऊ देऊ नये, एवढे त्याचे काम. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘अपाची’ या सर्व्हरची २.४.४९ ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली, आणि तिच्यात हा कोठारी फसला. संगणकाच्या भाषेत दोन टिंबे म्हणजे ‘एक कप्पा वर चढा’. अशी मागणी आली की कोठाऱ्याने ती अडवायची असते. परंतु दोहोंपैकी एक टिंब सांकेतिक रूपात लिहिले, तर नव्या आवृत्तीतील तपासणीस ते ओळखू येईना. मागणारा एकेक पायरी वर चढत मागच्या खोलीत पोहोचे. ४ ऑक्टोबरला दुरुस्ती आली, तोवर या वाटेचा गैरवापर सुरूही झाला होता. शिवाय ती दुरुस्तीही अपुरी! तेच टिंब दोनदा सांकेतिक केले की वाट पुन्हा मोकळी. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आली, तेव्हा हे भोक बुजले.

यात एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ‘परवानगी दिलेल्या कप्प्यांखेरीज सारे बंद’ हा साधा नियम ज्यांनी सर्व्हरवर कायम ठेवला होता, त्यांच्या मागच्या खोलीतील फायली या चुकीतूनही बाहेर गेल्या नाहीत. कोणा घाईच्या कारागिराने सोयीसाठी तो सैल केला असेल, तेथे मात्र घात झाला.

प्रत्येक गळतीस इतकी चतुराई लागते असेही नाही. पतसंस्थेचे, शाळेचे वा दवाखान्याचे संकेतस्थळ एकदा कोणाकडून तरी करून घेतले जाते, उद्घाटनाचा नारळ फुटतो, आणि पुढे तिकडे कोणी फिरकत नाही. सभासदांच्या यादीची जुनी प्रत त्याच कप्प्यात पडून राहते. पत्त्याच्या शेवटी फाईलचे नाव नसले, कप्प्यात मुखपानाची फाईलही नसली आणि यादी दाखविण्याची मुभा चालूच राहिली असेल, तर सर्व्हर साऱ्या कप्प्याची यादीच समोर मांडतो. कोठे बिघाड झाला तर त्रुटीच्या संदेशात स्वतःची आवृत्ती आणि आतील वाटा सांगून मोकळा होतो. येथे घरफोडी झालीच नाही. दारावर आतल्या ऐवजाची यादी घरधन्यानेच लावली होती. पण त्या यादीत नाव, पत्ता आणि कर्जाची रक्कम असते ती विश्वासाने ठेव ठेवणाऱ्या सभासदाची.

पाझर मोजण्याचे साधन सर्व्हरपाशी असते. कोणी, केव्हा, काय मागितले याची नोंद तो ठेवू शकतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, आणि माहितीची गळती लक्षात येताच ६ तासांत कळवावे लागते. ही नोंदवही वाचण्याचे काम कोणाकडे सोपविले आहे, हे संस्थेच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत विचारावे.