शिदोरी आणि वाट



थंडीची सुट्टी लागली की दिल्ली, नोएडा, फरिदाबाद, गुडगाव या परिसरातील मराठी घरांत एकच लगबग सुरू होते. संक्रांतीला गावी पोहोचायचे असते. पूर्वी ही मंडळी पंजाब मेलने किंवा झेलम एक्सप्रेसने निघत. आता रस्ते सुधारल्यामुळे अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने, आग्रा-मुंबई मार्गाने दक्षिणेची वाट धरतात. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचे लोणचे असते. ही शिदोरी पहिल्या दिवशीच संपते आणि मग वाटच प्रवाशांना जेवू घालू लागते. त्या वाटेवर कोणते पदार्थ भेटतात आणि ते दिल्लीच्या मराठी माणसाला काय सांगतात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

धुके विरता विरता मथुरा येते. मथुरेच्या पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो. साताऱ्याचा कंदी पेढा खाल्लेल्या माणसाला तो खमंगपणा ओळखीचा वाटतो. पुढे आग्र्याचा पेठा. काचेसारखी दिसणारी ही मिठाई कोहळ्याची असते, हे कळल्यावर मुलांना नवल वाटते. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात. त्यामुळे त्या घट्ट होतात आणि पाकात शिजूनही मोडत नाहीत. मराठी स्वयंपाकघरात याच फळाचे सांडगे आणि कोहळेपाक होतो. फळ एकच, पण प्रत्येक प्रांताने त्याला आपापले वळण लावले.

चंबळ ओलांडली की मुरैना. येथील गजकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गुळाचा वा साखरेचा पाक ओढून ओढून हलका करायचा, त्यात भाजलेले तीळ मिसळायचे आणि लाकडी हातोड्यांनी तो कुटत राहायचा. अशा रीतीने गजकेचे पापुद्रे तयार होतात. तीळ आणि गूळ हीच सामग्री घेऊन महाराष्ट्रातली आजी संक्रांतीचे लाडू वळते. थंडीत शरीराला स्निग्धता हवी, ही गरज दोन्हीकडे सारखीच. म्हणून मुरैन्याला घेतलेला गजकेचा पुडा गावच्या हळदीकुंकवात तिळगुळाशेजारी सहज शोभतो.

यापुढचा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १७३७ साली पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले. १७७१ साली महादजी शिंद्यांच्या फौजा दिल्लीत शिरल्या. या येण्याजाण्यातून उत्तरेत मराठी वस्त्या रुजल्या. ग्वाल्हेरच्या एका भागाचे नावच ‘लष्कर’ आहे, कारण शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला तिथेच पुढे शहर वसले. फौजेबरोबर कारकून, पुजारी, गवई आले, आणि त्यांच्या घरांबरोबर पाटा-वरवंटा, किसणी आणि पुरणयंत्रही आले असणारच. इतिहासाच्या ग्रंथांत लढायांच्या तारखा मिळतात. चुलीपाशी काय घडले, ते मात्र आजच्या ताटात शोधावे लागते.

ते सर्वांत स्पष्ट दिसते इंदुरात. १८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वरहून येथे आली. सकाळी कोणत्याही चौकात पोह्यांचे मोठे पातेले वाफेवर गरम राहिलेले दिसते. वर शेव, कांदा आणि जिरावण नावाचा मसाला, सोबतीला जिलबी. मराठ्यांबरोबर पोहे माळव्यात आले, असे मानले जाते. फोडणीत बडीशेप आणि वर शेवेचा मारा हे मात्र माळव्याचे स्वतःचे. जवळच ‘उसल पोहा’ मिळतो. रात्री सराफा बाजारातील दागिन्यांची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. तिथे थंडीत तळलेले गराडू मिळतात, जाडसर दुधाची शिकंजी मिळते आणि ‘भुट्टे का कीस’ मिळतो. दिल्लीच्या मुलाला शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत ठाऊक असते, म्हणून तो पहिल्या घोटाला चकित होतो. कीस मात्र त्याने ओळखायला हवा. कोवळे मक्याचे कणीस किसून, फोडणीत परतून, दुधात शिजवलेला हा पदार्थ. ‘किसणे’ या मराठी क्रियापदाचा ‘कीस’ इंदूरच्या गाडीवर आजही वाफाळतो आहे.

इंदूर सोडल्यावर घाट उतरून खलघाटला नर्मदा लागते. निमाडात गव्हाची मक्तेदारी संपते आणि मका, ज्वारी, मिरची दिसू लागते. बिजासनचा घाट उतरला की महाराष्ट्र. पळासनेर, शिरपूर, तापी आणि मग धुळे. माळव्यात पोह्यांवर पेरलेली शेव खानदेशात काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शात पडते आणि तिची शेवभाजी होते. कपाशीच्या वा तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी हे इथले थंडीतले खरे पक्वान्न. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन आहे. उलट्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे पाहायचे तेही इथेच. पुढे चांदवड, पिंपळगाव ओलांडून नाशिकला बाजरीची भाकरी आणि मिसळ. त्याही पुढे कसाऱ्याचा घाट उतरला की ताटात भात वरचढ होतो. काळी माती, पाऊस आणि उतार यांनी आखलेल्या या सीमा नकाशातल्या सीमांपेक्षा जुन्या आहेत.

असा प्रवास जगात अन्यत्रही घडतो. या शाळेचे काही माजी विद्यार्थी आज अमेरिकेत आहेत. तिथे मोटारीने पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालेल्यांनाही प्रत्येक प्रांतात निराळे ताट भेटते. टेक्सासमध्ये मंद धुरावर भाजलेल्या मांसाच्या परंपरेत जर्मन आणि चेक स्थलांतरितांचा वाटा आहे, न्यू मेक्सिकोत हिरव्या मिरचीची सत्ता आहे आणि लुइझियानात ‘गंबो’ नावाचा दाट रस्सा आहे. भेंडीला आफ्रिकेतील काही भाषांत जो शब्द आहे, त्यातूनच हे नाव आले असे भाषाभ्यासक सांगतात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या भाषा तिथे बहुतांशी लोपल्या, पण त्यांच्या भेंडीचे नाव रश्शात उरले.

इथेच या विषयातील खरी चिंता उभी राहते. दिल्लीतील अनेक मराठी घरांतून एक समाधान ऐकू येते, “मुले मराठी फारशी बोलत नाहीत, पण आमच्याकडे जेवण मात्र अगदी मराठी!” या समाधानाला इंदूरच्या ‘कीस’ने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे. गाडीवरचा विक्रेता दिवसाला शंभरदा ‘कीस’ म्हणतो, पण कणीस हाती घेतले की तो म्हणतो ‘कद्दूकस करना’. नाम उरले, क्रियापद गेले. इंदुरात आणि ग्वाल्हेरात आजही मराठी घरे आणि मराठी मंडळे आहेत, हे खरे. पण त्या घरांबाहेर मराठीची जी खूण उरली ती खाद्यपदार्थांच्या नावांत, आणि नाव टिकवायला भाषा यावी लागत नाही. एखादे नाम एकटे, ताटात बसूनसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या जगते. क्रियापदाला मात्र बोलणारा लागतो, ऐकणारा लागतो आणि दोघांमध्ये एखादे काम लागते.

असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. प्रवास संपवून कुटुंब नाशिकला पोहोचले आहे. पोहे नातवाचे आवडते. आजी त्याला म्हणते, “बाळा, पोहे भिजवून रोळीत निथळत ठेव.” नातू तसाच उभा राहतो. आई स्वयंपाकघरात येते आणि आजीचे वाक्य हिंदीत करून सांगते. पोहे होतात, उत्तम होतात, नातू दोनदा मागून घेतो. आजी काहीच बोलत नाही. परंतु निथळणे, परतणे, वाफवणे, शिंपडणे, चुरणे, मळणे हे तिच्या आयुष्याचे शब्द आहेत, आणि ते घेणारे समोर कोणी नाही, एवढे तिला त्या क्षणी कळलेले असते.

मराठी शाळेचे प्रयोजन या जागी आहे. १९५४ नंतर २०२५ साली दिल्लीत पुन्हा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ही अभिमानाची गोष्ट. पण संमेलन तीन दिवसांचे असते आणि शाळा रोज भरते. साठ वर्षे या शाळेने राजधानीतल्या मुलांना गणित, भूगोल आणि विज्ञान मराठीतून शिकवले, म्हणजेच मराठीला तिची क्रियापदे वापरायला लावले. याच वाटेवरच्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या आयुष्याचा अखेरचा काळ घालवला. ऐतिहासिक कागदपत्रांबरोबर मराठी भाषेतील धातूही त्यांनी चिकाटीने गोळा केले. भाषा जपणे हे कष्टाचे काम आहे, ते आपोआप होत नाही, याची साक्ष त्या कामात मिळते. मात्र शाळेतले सहा तास पुरत नाहीत. उरलेले अठरा तास घराचे आहेत.

म्हणून हीरक महोत्सवाच्या वर्षी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. पुढच्या प्रवासात मुलांना मथुरेचा पेढा, मुरैन्याची गजक, इंदूरचा कीस आणि खानदेशचे भरीत जरूर खाऊ घालावे. चवीत कसलाही दुजाभाव नको, कारण या वाटेवरचा प्रत्येक पदार्थ देण्याघेण्यातूनच घडला आहे. गावी पोहोचल्यावर मात्र एक दिवस मुलाला आजीच्या हाताखाली द्यावे. एक पदार्थ त्याने तिच्या सांगण्यावरून, मध्ये कोणाच्याही भाषांतराविना, स्वतः करावा, आणि परत आल्यावर त्याची कृती आजीच्याच शब्दांत वहीत लिहावी. मीठ थोडे कमी-जास्त झाले तरी चालेल.

परतीच्या वाटेवर आजी पुन्हा डबा भरून देईलच. दशम्या मुरैना येण्यापूर्वी संपतील. वहीतले शब्द दिल्लीपर्यंत पोहोचतील आणि उद्या त्या मुलाच्या मुलांनाही पुरतील.