अनुवंश, निद्रा आणि मधुमेह

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त कोलकाता येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आपल्या शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा गावापासून इतक्या दूर कोलकात्यात भरावा, याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. आपल्याला वाटत नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडील दुष्काळी पट्ट्यातील माणसे सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन देशभर पसरली. त्यांतील काही घरे या महानगरात, बडाबाजार आणि बऊबाजारच्या गल्ल्यांत स्थिरावली. आपल्या शाळेच्या जुन्या दाखल्यांवर वडिलांच्या व्यवसायापुढे 'गलाई, कलकत्ता' ही नोंद किती वेळा आढळते, हे मी मोजणे सोडून दिले आहे. त्यांतील एक दाखला माझा स्वतःचा आहे.

अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा स्मरणिकेत स्वतंत्रपणे छापला जाणार आहे. म्हणून मी आज आपल्या सर्वांच्या घरात वावरणाऱ्या एका विषयावर बोलण्याची परवानगी मागते. मी मराठीची शिक्षिका आहे. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु गेली चार वर्षे मी स्वतः मधुमेहाची रुग्ण आहे, आणि जे दुखणे आपल्या वाट्याला येते त्याविषयी चार पुस्तके वाचणे हे शिक्षकाला तरी भागच असते.

माझे वडील या शहरात अठ्ठावीस वर्षे भट्टीपुढे बसले. दिवसा बाजारातून माल यायचा आणि सकाळी पेढ्या उघडण्यापूर्वी तो शुद्ध करून परत द्यायचा, म्हणून मूस तापायची ती रात्री. चार तास झोप मिळाली तरी ते स्वतःला भाग्यवान समजत. बेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह झाला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गेले. शेवटची दोन वर्षे त्यांचा एक पाय नव्हता. त्यांचे थोरले बंधू, म्हणजे माझे चुलते, गावीच राहून बाजरी पिकवत होते. मधुमेह त्यांनाही झाला, पण सत्तरीत. आणि ते त्र्याऐंशी वर्षे जगले. एकाच आईबापांची दोन मुले. एका घराच्या कहाणीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणते. परंतु या कहाणीने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला, तो शास्त्रालाही पडलेला आहे, एवढे मला वाचनातून कळले. जे रक्तातून येते त्यातले किती अटळ असते, आणि किती आपल्या हाती असते?

हा प्रश्न आजचा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर मातापित्यांच्या बीजदोषातून आलेला, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या आहारविहारातून ओढवलेला. आज विज्ञान म्हणते की बहुतेक रुग्णांत हे दोन्ही प्रवाह एकत्र मिसळलेले असतात. माता किंवा पिता यांपैकी एकाला प्रौढवयातील मधुमेह असेल तर अपत्याला तो आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता साधारण चाळीस टक्के, आणि दोघांनाही असेल तर सत्तर टक्क्यांच्या आसपास मानली जाते. या आकड्यांत केवळ जनुके नाहीत, एका घरातील ताट आणि दिनचर्याही आहे. आणि चाळीस टक्के याचा अर्थ असाही होतो की शंभरांतील साठजण सुटतात.

या विषयावरचे मोलाचे संशोधन आपल्या पुण्यातच झाले आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांहून कितीतरी हलकी होती. परंतु स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगावरील चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला कृश, पण आतून मेदयुक्त अशी ही ठेवण. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; पण शरीरातील चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. तेव्हा 'मी तर सडपातळ आहे, मला कसली साखर?' असे म्हणणाऱ्या आपल्या बांधवांनी हे दोन आकडे ध्यानात ठेवावेत.

पुण्याच्याच रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, युरोपीय लोकांत मधुमेहाशी निगडित ठरलेले टीसीएफ७एल२ हे जनुक भारतीयांतही तसाच धोका वाढवते. त्याच्या सदोष रूपाची एक प्रत अंगी असेल तर धोका सुमारे दीडपटीपर्यंत जातो. दीडपट होतो, अटळ होत नाही. अशी शेकडो लहानमोठी जनुकीय रूपे आता ज्ञात आहेत, आणि प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा असतो.

हे झाले बीजाचे. आता झोपेकडे वळते.

१९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास अंथरुणात राहू दिले गेले. आठवडाभरापूर्वी धडधाकट असलेल्या या तरुणांची रक्तातील साखर हटवण्याची गती सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावली. पुढे भरपूर झोप मिळाल्यावर ती सुधारली. झोप तुटली की शरीर ताणाखाली राहते, कॉर्टिसॉल हे संप्रेरक संध्याकाळी उतरायचे ते उतरत नाही, आणि पेशी इन्सुलिनचे म्हणणे ऐकेनाशा होतात. शिवाय भूक वाढते, आणि रात्री दोन वाजता लागलेली भूक काकडीने भागत नाही. तिला कचोरी आणि दुधाचा गोड चहाच लागतो, हे या शहरात राहणाऱ्यांना मी काय सांगावे!

अलीकडे, २०२४ मध्ये, ब्रिटनमधील सुमारे अडीच लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. सात-आठ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत पाच तास झोपणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १६ टक्क्यांनी, तर तीन-चार तास झोपणाऱ्यांत ४१ टक्क्यांनी अधिक आढळला. ज्यांचा आहार उत्तम होता, त्यांच्यातही अपुऱ्या झोपेचा हा संबंध पुसला गेला नाही. भाजी-भाकरी खातो म्हणून जागरण माफ होत नाही, असा त्याचा साधा अर्थ मी घेते. चरकाने प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसणे आणि सुखाने लोळणे यांचा दोष सांगितला आहे. त्याने अतिनिद्रेबद्दल सांगितले. विजेच्या दिव्यांनी आपल्याला दुसऱ्या टोकाला नेले. अति दोन्हीकडे वाईटच.

बीज आणि झोप यांची गाठ कोठे पडते, हेही आता उमगू लागले आहे. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळवते. हा निरोप स्वीकारणारे ग्राहक स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही असतात. या ग्राहकाचे जनुक, एमटीएनआर१बी, काही माणसांत असे असते की मेलाटोनिन वाढताच इन्सुलिन अधिकच रोखले जाते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत युरोपीयांबरोबर भारतीय वंशाच्या लोकांतही हा संबंध दिसून आला. पुढे स्पेनमध्ये ८४५ जणांवर प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी चार तास आणि झोपण्यापूर्वी एक तास अशा दोन वेळांना त्यांना साखरेचे द्रावण देऊन तुलना केली. उशिरा घेतलेल्या साखरेचा निचरा सर्वांतच मंदावला, पण ज्यांच्यात ते जनुकीय रूप होते त्यांच्यात अधिक. म्हणजे रात्री साडेबाराला जेवून एकला आडवे होणे हे काहींना थोडे महाग पडते, आणि काहींना फार. आपण कोणत्या गटात आहोत हे बहुतेकांना ठाऊक नसते. म्हणून शहाणपण सर्वांनीच लवकर जेवण्यात आहे.

मित्रहो, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा उंबरठा महत्त्वाचा आहे, कारण तेथून परत फिरता येते. चेन्नईतील डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरील अशाच ५३१ व्यक्तींवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ आहार आणि चालण्याच्या व्यायामाने तीन वर्षांच्या काळात त्यांतील मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांच्यातही पूर्वजांचे बीज होतेच.

आता एक कबुली. माझ्या शाळेत दहावीच्या मुलांसाठी रात्रीची अभ्यासिका मीच सुरू केली. रात्री एकपर्यंत जागणाऱ्या आणि पहाटे पाचला पुन्हा हजर होणाऱ्या मुलांचे मी प्रार्थनेच्या वेळी कौतुक करीत असे. फळ्यावर लवकर निजण्याचा सुविचार लिहायचा आणि टाळ्या जागणाऱ्याला द्यायच्या, असे वर्षानुवर्षे चालले. त्यांतला एक गुणी मुलगा दहावीनंतर या शहरात आला. गेल्या दिवाळीत तो मला भेटायला आला. वय सव्वीस, अंग काटकुळे, आणि खिशात साखरेच्या गोळ्या. 'बाई, आजोबांना होती, बाबांना आहे, मग मला होणारच,' असे तो हसत म्हणाला. त्याचा तो 'च' मला आजही टोचतो. व्याकरणात तो निश्चयार्थी आहे. शास्त्रात त्याला जागा नाही. त्याच्या दुखण्याचे नेमके कारण मी सांगू शकत नाही. पण तो येथे गाळ्यातच, भट्टीशेजारी, चार मुलांबरोबर झोपत असे, आणि जागण्याला पराक्रम मानायला त्याला मी शिकवले होते. या जूनपासून आमची अभ्यासिका रात्री साडेनऊला बंद होते. निकाल घसरलेला नाही.

म्हणून या सभेपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली: ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी तिशीपासून दरवर्षी उपाशीपोटी रक्त तपासावे. १०० च्या आत असेल तर समाधान. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुसरी: झोपेत मोठ्याने घोरणे, श्वास अडकणे आणि दिवसभर पेंग येणे याला थट्टेचा विषय करू नये, तोही आजार आहे, त्याचा मधुमेहाशी संबंध आहे आणि त्यावर उपचार आहेत. वाढलेली साखरही रात्री वारंवार लघवीला उठवून झोप मोडते, तेव्हा हे चक्र दोन्हीकडून फिरते. आणि ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी माझे भाषण ऐकून ती सोडू नयेत. झोप औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही.

तिसरी विनंती पेढीमालक बंधूंना. गावाहून येणारी मुले आम्ही तुमच्या स्वाधीन करतो. त्यांच्या आईवडिलांनी दिलेले बीज तुम्ही बदलू शकत नाही, मीही नाही. परंतु त्यांच्या रात्री तुमच्या हातात आहेत. आळीपाळीने काम लावा, भट्टीपासून दूर झोपायला जागा द्या, आणि सलग सात तास त्यांना कोणी हाक मारणार नाही असे बघा. माझ्या वडिलांना असे कोणी म्हणाले असते तर ते किती वर्षे अधिक जगले असते, मला सांगता येणार नाही. पण त्यांना विश्रांती मिळाली असती, एवढे तरी नक्की.

घड्याळात नऊ वाजायला आले आहेत. आजच्या विषयाचा मान राखून मी येथेच थांबते, आणि आपण सर्वांनी वेळेवर जेवून वेळेवर निजावे, अशी शाळेच्या वतीने शुभेच्छा देते.